काळी चारच्या जरा खाली

मे महिना, रात्रीचे बारा वाजून गेलेत. स्लॅब अजून तापलेलाच.

ॲम्बियंट संगीत ऐकतो म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, ‘अरे वा, मेडिटेशनवालं का?’ आज ऑफिसात पुन्हा तेच. बासरी, झऱ्याचा आवाज, मागे सूर्यास्ताचा फोटो आणि वर ‘स्ट्रेस रिलीफ’. त्या प्रकाराने माझी उलट चिडचिड होते. कुणीतरी ‘शांत हो, शांत हो’ म्हणत पाठीवरून हात फिरवत बसावं आणि उठायचं नावच घेऊ नये, तसं वाटतं.

ब्रायन इनो या इंग्रज संगीतकाराने १९७८ मध्ये ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ काढलं, तेव्हा रेकॉर्डसोबतच्या टिपणात हा फरक मांडला होता. नेहमीच्या पार्श्वसंगीतातून शंका आणि अनिश्चितता गाळून टाकलेली असते, ॲम्बियंटमध्ये ती राहू द्यायची. त्याच टिपणात पुढे आहे की हे संगीत लक्ष देऊन ऐकण्याजोगं हवं आणि दुर्लक्ष केलं तरी बिघडू नये. हे पुढचं वाक्य सगळे सांगत फिरतात, आधीचं कुणी सांगत नाही. माझ्या मते खरी गोम आधीच्यात आहे. विमानात बसणाऱ्याच्या मनात कुठेतरी मरणाचा विचार असतोच, तिथे गोडगोड काही वाजवणं त्याला खोटं वाटायचं.

मागे भावाला सोडायला सोनेगावच्या विमानतळावर गेलो होतो. तो आत गेल्यावर बाहेरच्या बाकावर बसून तीच रेकॉर्ड कानात लावली. मध्येच गाड्यांचे हॉर्न, ट्रॉल्यांची खडखड, एका काकूंचं फोनवर ‘पोचला का बाप्पा? डबा खाल्ला का?’ काहीच खटकलं नाही. घोषणा मध्ये आल्या तरी चालावं, अशाच बेताने ती बनवलेली आहे. भाऊ गेल्याचं वाईट वाटत होतं, ते रेकॉर्डने कमीही केलं नाही आणि वाढवलंही नाही. एखादं विरहाचं गाणं लावलं असतं तर त्याने मला रडवूनच सोडलं असतं.

त्या रेकॉर्डमधला दुसरा भाग मला सगळ्यात जवळचा. नुसते ‘आ’कार आहेत. एकेक सूर टेपवर घेतला, टेपची टोकं जोडून गोल केला आणि ते वेटोळं फिरत ठेवलं. एक सूर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास सव्वीस, तिसरा जवळपास तीस सेकंदांनी. वेटोळी इतकी लांब की स्टुडिओतल्या ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांच्या पायांभोवतून ती फिरवावी लागली. प्रत्येक सूर आपल्या वेळेला येतो, दुसऱ्याशी त्याचं काही ठरलेलं नाही. कधी तीन एकदम येतात, कधी बराच वेळ कुणीच येत नाही. आपण मात्र उगाच वाट बघत असतो.

असे आपापल्या वेळेने येणारे-जाणारे आवाज ऐकायची सवय नागपूरकराला लहानपणापासून असते, असं मला आजकाल वाटायला लागलंय. एप्रिल ते जून आपण कूलरच्या आवाजातच जगतो. आमचा हॉलच्या खिडकीत आणि शेजाऱ्यांचा त्याला लागूनच. वीज एकच, ५० हर्ट्झची, पण मोटरी आपापल्या चालीने फिरतात. पात्यांच्या वेगात थोडा फरक पडला की दोन्ही घूं-घूं एकमेकींत मिसळून एक सावकाश हेलकावा तयार होतो : फुगतो, ओसरतो, परत फुगतो. त्यावर पंपातून ताट्यांवर झिरपणारं पाणी. ताट्या ओल्या झाल्या की वाळ्याचा वास येतो आणि आवाजही थोडा खाली बसतो. टाकीतलं पाणी संपत आलं की पंप कोरडा घुरघुरतो. हे आईला झोपेतही कळतं. ‘पाणी टाक रे,’ डोळे मिटलेलेच.

आई गाणं शिकलेली. कॉलनीतल्या मुली अजूनही संध्याकाळी तिच्याकडे येतात. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी तिने घेतली त्याला बरीच वर्षं झाली. खरा तानपुरा कपाटावर खोळीत आहे, पण जवारी लावून (तारा गुंजतील अशी घोडी घासून) द्यायला आता माणूस मिळत नाही. मी एकदा इनो स्पीकरवर लावला तेव्हा ती वाटाणे सोलत होती. दहा-बारा मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, ‘छान आहे. पण हे गाणं सुरू कधी होते मग?’

मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर लक्षात आलं, याहून नेमकं बोलणं कठीण आहे. तानपुरा सुरू होतो तो कुणासाठी तरी. चार तारा फिरत राहतात, खोलीत सूर भरतो, आणि आता कुणीतरी ‘सा’ लावणार हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. ॲम्बियंटमध्ये तो सूर भरून राहतो आणि गायला कुणी बसतच नाही. त्यातून जी मनःस्थिती तयार होते तिला मी शांती म्हणणार नाही. जागा मांडून ठेवली आहे आणि येणाऱ्याचं नक्की नाही, अशी ती अवस्था. कधी बरी वाटते, कधी नाही.

नाही वाटत तेव्हाचंही लिहून ठेवतो. एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा १९९४ चा ‘सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स’चा दुसरा खंड मी भर मेच्या दुपारी ऐकू शकत नाही. एक ते चार या वेळात आमच्या प्रतापनगरच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, नुसता पांढरा उजेड. त्यात ते लांबलचक, बहुतेक बिननावाचे तुकडे लागले की घरात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. पडदे लावून ऐकलं तर जास्तच. ‘रिलॅक्सिंग’ म्हणणाऱ्यांना एकदा हे ऐकवलं पाहिजे.

विल्यम बासिन्स्की या संगीतकाराचं आणखी वेगळं. २००१ मध्ये तो जुन्या टेपची वेटोळी डिजिटल करायला बसला, तर वाजता वाजताच टेपवरचा ऑक्साइडचा थर सुटायला लागला. त्याने मशीन बंद केलं नाही. तासभर एकच सुरावट झिजत जाताना ऐकायची. आबा गेले त्या वर्षी मी ते बरंच ऐकलं. एवढंच.

तर आजची गोष्ट. संध्याकाळी आईने तानपुऱ्याची पेटी लावली आणि कपाळाला आठ्या. ‘हा कूलर मेला बेसूर आहे.’ मी फोनवर ट्यूनर उघडला. मोटरची गुणगुण विजेच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ, आणि तिची दुप्पट २००. आईची पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी, साधारण २०८. म्हणजे कूलर तिच्या ‘सा’च्या अगदी जवळ, पण पाव सुराहून थोडा जास्तच उतरलेला. खुपणारच.

कूलर बंद करायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा पेटीचं बारीक सुराचं बटण मी हळूहळू खाली आणलं. एका जागी दोन्ही एकमेकांत मिसळले. कुठला तानपुरा आणि कुठला कूलर, सांगता येईना. आईने मान तिरकी करून ऐकलं. मग ‘सा’ लावला, चांगला लांब.

‘काळी चार जडच जाऊन राहिली होती मला आजकाल,’ ती म्हणाली. ‘हे बरं आहे. पण पोरींना काय सांगू? कूलरपट्टीत गा म्हणून?’

सांग म्हटलं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत तरी हीच पट्टी चालेल. ताट्या मात्र रविवारी बदलायला हव्यात, खालचा भाग पार कुजलाय.