सुनेचे तेवीस हप्ते

"आई, पुन्हा होल्डवर टाकलं," म्हणत सुनेने फोन स्पीकरवर करून ओट्यावर ठेवला. मी पोळ्या लाटत होते. सोळा पोळ्या झाल्या तरी तीच टिणटिण चालू. शेवटी एक बाई आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या शैक्षणिक कर्जाचे ते हप्ते आमच्याकडे दिसत नाहीत, जुन्या कंपनीला विचारा. जुनी कंपनी सांगते, तुमचं खातं आता आमच्याकडे नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी!

सून इथलीच, अमेरिकन. कनेक्टिकटमधल्या सरकारी शाळेत शिकवते. तिचं शैक्षणिक कर्ज केंद्र सरकारचं आहे, पण हप्ते गोळा करायला सरकार खासगी कंपन्या नेमतं आणि कधीतरी तुमचं खातं एकीकडून दुसरीकडे जातं. शिक्षक, नर्स अशा लोकांसाठी २००७ सालापासून एक सवलत आहे: सरकारी किंवा सेवाभावी संस्थेत काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ. हिने २०१८च्या सप्टेंबरपासून सात वर्षांचे ८४ भरलेले. खातं बदललं आणि वेबसाइटवर उरले ६१. तेवीस हप्ते गायब, म्हणजे जवळपास दोन वर्षं पुन्हा भरायची.

शाळेतल्या एका मैत्रिणीने सांगितलं, राज्याकडे जा. मला वाटलं, कर्ज केंद्राचं, राज्य काय करणार? तर इथे राज्याच्या बँकिंग खात्यात खास विद्यार्थी-कर्जाचा ऑम्बुड्समन आहे, म्हणजे आपल्या भाषेत लोकपाल. असं पद निर्माण करणारं कनेक्टिकट हे देशातलं पहिलं राज्य, २०१५ साली. पुढे इलिनॉय, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशा बऱ्याच राज्यांनी तेच केलं. कर्ज माफ करणं या लोकपालांच्या हातात नाही. पण ते कंपनीकडे लेखी उत्तर मागतात. एकट्या माणसाला होल्डवर ठेवणं सोपं असतं, राज्याच्या पत्राला तसं ठेवता येत नाही.

यावरूनही भांडण झालंच. २०१८मध्ये केंद्रीय शिक्षण खातं म्हणालं, या कंपन्यांवर राज्यांनी देखरेख करायची नाही. २०२१मध्ये सरकार बदलल्यावर तेच खातं म्हणालं, करा. आणि मार्च २०२५मध्ये त्या खात्याने आपली जवळपास निम्मी माणसं कमी केली. तेव्हापासून राज्याच्या या छोट्या ऑफिसांचं महत्त्व मला जास्तच वाटायला लागलंय.

काही राज्यं पैशांचीही मदत करतात. मेन नावाच्या राज्यात राहून कमावलं तर भरलेल्या हप्त्यांपोटी वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत कर-सवलत. कॅन्ससच्या ओस पडत चाललेल्या काही भागांत जाऊन राहिलात तर पाच वर्षांत १५,००० डॉलरपर्यंत. (मुलगा म्हणाला, जाऊ या का? सून नुसती बघत राहिली.) उलट पूर्वी बऱ्याच राज्यांत कर्ज थकलं की नर्सचं, शिक्षकाचं लायसन्सच अडकवायचे. टेक्ससने तो कायदा २०१९मध्ये काढला. बैल ओढून न्यायचा आणि वर म्हणायचं, नांगरून पैसे फेड. हे सुचतं कुणाला?

भारतातून शिकायला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी: तुमचं कर्ज भारतातल्या बँकेचं असेल तर इथली ऑफिसं त्यात पडणार नाहीत. तुमचा लोकपाल रिझर्व्ह बँकेचा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की तिकडे. फोनवर बोलण्यात वेळ घालवू नका, कागद करा.

सुनेने तेच केलं. शाळेची नोकरीची पत्रं, बँकेची स्टेटमेंटं, जुन्या ईमेलचे प्रिंट. माझ्या दिवाळी अंकांच्या खोक्यात तिने सगळं तारखेप्रमाणे लावलं आणि प्रती राज्याच्या लोकपालाकडे धाडल्या. अंक गेले पलंगाखाली. दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. आकडा ६१वरून ८३वर गेलेला.

"एक राहिला," सून म्हणाली. मी म्हटलं, अगं, बावीस मिळाले ना, सोड आता. ती खोकं पुन्हा खाली घेऊन बसली होती. नोव्हेंबर २०१९चं स्टेटमेंट शोधत होती.