शुक्रवारी नमुना घेत नाहीत

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा, काय म्हणाल ते. 'इथे सही, इथे अंगठा, एकही रकाना रिकामा सोडायचा नाही' हे दिवसातून पन्नास वेळा सांगणारा माणूस मी. म्हणून घरच्या नळाच्या पाण्याचा नमुना नुसता जमा करायला मला १७ दिवस लागले, हे लिहिताना लाज वाटते. आणि लाजेपेक्षा राग जास्त.

आमचं गाव मराठवाड्यातलं. नगरपरिषद आहे म्हणून शहर म्हणायचं. पाणी धरणाचं, पाचव्या दिवशी, बहुतेक रात्री. इकडे पाणी आलं यातच माणूस खूश असतो. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते बघितलेले लोक आम्ही. आलेलं पाणी कसं आहे हे विचारणं म्हणजे आगाऊपणा. पहिली दहा मिनिटं पिवळट, वास मारणारं पाणी यायचं. ते सोडून द्यायचं आणि मग भरायला घ्यायचं, हे आईने सुनेला शिकवलं, सुनेने लेकीला. पावसाळा लागला, धाकट्याचं पोट तीन आठवड्यांत दोनदा बिघडलं, समोरच्या घरात कावीळ निघाली आणि बायको म्हणाली, "आता फिल्टर घ्या नाहीतर मी माहेरी जाते."

फिल्टरवाला बोलावण्याआधीच आला. तो कसा काय नेमका येतो, हा वेगळा विषय. त्याने ओट्यावर दोन काचेचे ग्लास मांडले, एक आमच्या नळाचं पाणी, एक त्याने बाटलीतून आणलेलं आरओचं. पिशवीतून चार कांड्यांचं एक यंत्र काढलं, कांड्या दोन्ही ग्लासांत सोडल्या, बटण दाबलं. मिनिटभरात आमचा ग्लास गढूळला, वर तांबूस फेस आला, खाली गाळ बसला. आरओचा ग्लास जसाच्या तसा. आईने कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं हे प्यायलो?"

दहावीतली लेक मात्र ग्लासाजवळ वाकून बघत होती. म्हणाली, "दादा, त्या दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकू का?" दादाने यंत्र आवरायला घेतलं.

नंतर तिनेच समजावलं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, कांडीचं लोखंड झिजतं आणि तो गाळ म्हणजे त्या कांडीचाच गंज. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून तिथे काही होत नाही. मीठ टाकलं असतं तर तोही ग्लास लाल झाला असता. कोणी तुमच्याकडे हा खेळ घेऊन आलं तर मीठ जवळ ठेवा.

फिल्टरवाल्याच्याच टीडीएस मीटरने आमचं पाणी ३१२ दाखवलं होतं. मला वाटलं हे फार. भारतीय मानक (आयएस १०५००) सांगतं की ५०० पर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. मीटर जंतू मोजत नाही. ५० टीडीएसच्या पाण्यातही काविळीचा विषाणू असू शकतो आणि ९०० च्या पाण्यात नसू शकतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती पाण्यातूनच. तिथे मीटर धरून काही कळलं नसतं.

मग ठरवलं, विकत घेण्याआधी तपासून घ्यायचं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी प्रयोगशाळा आहे, खासगी नमुनाही शुल्क घेऊन तपासतात. शुल्क आमच्या महिन्याच्या दुधाच्या बिलापेक्षा कमी. इथपर्यंत सगळं छान.

सोमवारी पाण्याची रिकामी बाटली धुऊन, भरून, एसटीने ५२ किलोमीटर गेलो. खिडकीवरच्या साहेबांनी बाटलीकडे बघितलंही नाही. "ही चालत नाही. जैविक तपासणीला निर्जंतुक बाटली लागते, ती इथूनच न्यायची." हे फोनवर सांगता आलं असतं का? आलं असतं. मी तीनदा फोन केला होता, तीनदा वाजून बंद झाला.

बाटली दिली, अनामत घेतली. मी शहाणपणा करून दोन घेतल्या. तपकिरी कागदात गुंडाळलेली काचेची बाटली, आणि रासायनिक तपासणीसाठी दोन लिटरचा कॅन आपला आपण. "आत थेंबभर औषध आहे, विसळू नका," एवढं मात्र साहेबांनी आपणहून सांगितलं. ते थायोसल्फेट. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वाटेत जंतू मारत राहू नये म्हणून टाकलेलं असतं. नसेल तर घाण पाणीही प्रयोगशाळेत पोचेपर्यंत स्वच्छ होऊन बसायचं.

सोबत एक फॉर्म दिला. माझ्या हाताखालून हजारो फॉर्म गेलेत, पण असा नाही. ग्रामपंचायतींसाठी छापलेला. 'नमुना घेणाऱ्याचे पदनाम.' मला कसलं पदनाम? मी लोकांना सांगतो तेच केलं, रिकामं न सोडता 'निरंक' लिहिलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "पदनाम निरंक? मग नमुना घेतला कोणी?" खाली ग्रामसेवकाच्या सहीची जागा. म्हटलं, साहेब, आम्ही नगरपरिषदेत राहतो, आम्हाला ग्रामसेवक नाही. ते म्हणाले, मग मुख्याधिकाऱ्यांचं पत्र आणा. मी म्हटलं, ज्यांचं पाणी तपासायचंय त्यांच्याचकडून पत्र? यावर ते बराच वेळ शाईचा पॅड शोधत राहिले. शेवटी 'पदनाम : ग्राहक' आणि पाणीपट्टीच्या पावतीची झेरॉक्स यावर भागलं. पावती नेली नव्हती. तिथल्या झेरॉक्सवाल्याकडे मोबाइलवरून प्रिंट काढली, त्याने दहा रुपये घेतले. आम्ही पाच घेतो.

घरी आलो आणि पाण्याची वाट बघत बसलो. नमुना टाकीतला घ्यायचा नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण मग नगरपरिषद म्हणणार, तुमचीच टाकी घाण. पाणी चालू असताना थेट नळातून घ्यायचा. पाणी आलं गुरुवारी रात्री अकरा चाळीसला. तोटी पितळी होती, स्पिरिटचा बोळा पेटवून ती सगळीकडून शेकली (प्लॅस्टिकची असेल तर नुसती स्पिरिटने पुसा, माझ्या मेव्हण्याने वितळवली). दोन-तीन मिनिटं पाणी वाहू दिलं, झाकण खाली तोंड करून हातातच धरलं, बाटली काठोकाठ न भरता वर थोडी जागा ठेवली. कुल्फीवाल्याकडून थर्माकोलचा डबा आणून ठेवला होता, त्यात बर्फ, बर्फात बाटली. पहाटेची एसटी. कंडक्टरने विचारलं, "मासे का?"

पावणेदहाला खिडकी उघडली. साहेब आले, डबा बघितला, बाटलीवर लिहिलेली वेळ वाचली. आज सगळं बरोबर होतं. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"आज शुक्रवार. शुक्रवारी जैविक नमुना घेत नाहीत."

कारण विचारलं. कारण खरं होतं, त्यानेच जास्त चिडचिड झाली. नमुना लावला की ४८ तास ठेवावा लागतो आणि २४ तासांनी, ४८ तासांनी बघावा लागतो. २०२० पासून सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला. शनिवार-रविवार नळ्या कोण बघणार? सोमवारी घेऊन या, म्हणाले. म्हटलं, सोमवारी आमच्याकडे पाणी येत नाही. "मग येईल तेव्हा आणा."

बर्फ वितळून डब्यातून पाणी ठिबकत होतं. ती बाटली परत केली, नवीन निर्जंतुक घेतली, रसवंतीवर बसून एक ग्लास उसाचा रस प्यायलो, आणि घरी आल्यावर त्याच रात्री कॅलेंडर काढून हिशोब मांडला. आज शुक्रवार, पाणी आलं गुरुवारी. पाचव्या दिवशी म्हणजे मंगळवारी रात्री. बुधवारी सकाळी प्रयोगशाळा. जमतंय! मंगळवारी संध्याकाळपासून बर्फ आणून ठेवला. रात्री दोनपर्यंत नळाजवळ खुर्ची टाकून बसलो. पाणी नाही. सकाळी वॉलमनला गाठलं. तो म्हणाला, "मोटर जळाली हो, दोन दिवस सरकलं." दोन दिवस सरकलं म्हणजे गुरुवारी रात्री. म्हणजे परत शुक्रवार.

त्या गुरुवारी पाणी आलं तेव्हा मी नळाजवळ गेलोच नाही. आई म्हणाली, "अरे, पाणी आलंय." म्हटलं, येऊ दे.

त्याच्या पुढच्या मंगळवारी, रात्री दीड वाजता, जमलं. बुधवारी साहेबांनी नमुना घेतला, पावती दिली आणि म्हणाले, "बघा, किती सोपं आहे." मी काही बोललो नाही. तुम्ही जाणार असाल तर सोमवार ते बुधवार, बाराच्या आत पोचा. पुढे सरकारी सुट्टी आहे का ते आधी बघा. आणि नमुना घेतल्यावर बर्फात ठेवूनही २४ तासांच्या आत द्यायचा, लवकर तेवढा बरा.

आठ दिवसांनी अहवाल. टीडीएस ३१०, कठीणपणा १६८ (२०० पर्यंत चांगला), नायट्रेट ११ (मर्यादा ४५), फ्लोराइड ०.४. म्हणजे रसायनांच्या बाबतीत पाणी उत्तम. खाली जैविक भागात 'ई-कोलाय आढळले', आणि तांबड्या शिक्क्यात 'पिण्यास अयोग्य'. ई-कोलाय म्हणजे पाण्यात मैला मिसळतोय. मानकाप्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये एकही आढळता कामा नये.

अहवाल घेऊन पाणीपुरवठा विभागात गेलो तर त्यांनी भांडण न करता एक पोरगेलासा फिटर दिला, हे मला अपेक्षितच नव्हतं. तो पाण्याच्या वेळेला आला. खिशात छोटी काचेची नळी आणि ओटीची बाटली, ऑर्थोटोलिडीनची. नळीत पाणी, त्यात थेंब, पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. शेवटच्या नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम राहायला हवं. गल्लीच्या तोंडाशी पिवळं. आमच्या अलीकडच्या घरी पिवळं. पलीकडच्या घरीही फिकट पिवळं. आमच्या नळाला पांढरं स्वच्छ, रंगच नाही. तो हसला. "काका, लाइन चांगली आहे. तुमचंच कनेक्शन फुटलंय."

दहा सेकंद. मी १७ दिवस बर्फ वाहिला, आणि हे दहा सेकंदांत कळलं. म्हणून सांगतो, पहिल्याच दिवशी नगरपरिषदेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या माणसाला गाठून आपल्या आणि शेजारच्या दोन-चार नळांची ओटी करून घ्या. आपल्याकडेच क्लोरीन गायब असेल तर कुठेतरी घाण ते खाऊन टाकतेय.

मेन लाइनपासून घरापर्यंतचा पाइप आपलाच असतो, तो आपल्यालाच दुरुस्त करावा लागतो. खोदाईची परवानगी, प्लंबर, नवा निळा एमडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप, हे चार दिवसांत झालं. जुना लोखंडी पाइप सिमेंटच्या नालीच्या पोटातून गेला होता. उपसून काढला तेव्हा नालीच्या पाण्यात बुडालेल्या भागावर सुपारीएवढं भोक, आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी तारेने आवळलेली, पार कुजलेली. ती पट्टी बाबांनी बांधली होती. मला आठवतं, मी बॅटरी धरून उभा होतो.

पाणी चालू असताना दाबामुळे भोकातून बाहेर जातं. पण चार दिवस पाइप रिकामा, आणि पाणी बंद होताना आत पोकळी होते, ती नालीचं पाणी ओढून घेते. आम्ही सोडून देत होतो ते 'पहिलं पाणी' म्हणजे ते. कराडजवळच्या मलकापूरला चोवीस तास पाणी दिलं जातं. पाइप कायम दाबाखाली असला की घाण आत शिरायला वाव फारसा राहत नाही, हे तेव्हा नीट कळलं.

आता फिल्टर. आरओ घेतला नाही. आमच्या पाण्याला त्याची गरजच नव्हती, वर एका लिटरमागे दोन-तीन लिटर वाया जातं, आणि पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात ते पाप आहे. ५०० च्या आत टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं. बोअरचं पाणी पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. तिथे आरओ लागतो. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचा त्रास आहेच. आम्ही साधा यूव्हीवाला, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा, घेतला. गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश पोचत नाही, म्हणून पावसाळ्यात आधी तुरटी फिरवून पाणी निवळून घेतो. वीज नसली की गॅसवर खळखळून उकळी आणतो.

टाकी घासून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर टाकली. हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, पण ती पावडर ताजी हवी. उघडी पडून राहिलेली नुसता चुना होते. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत, आणि तासभर नळ उघडायचा नाही.

परत तपासायला मी प्रयोगशाळेत गेलो नाही. एच-टू-एसच्या छोट्या बाटल्या मिळतात, रेघेपर्यंत पाणी भरून दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर पाणी दूषित. आमची खिडकीत दोन दिवस तशीच राहिली, पाणी काळं पडलं नाही. आई तरी अजून पहिली बादली ओतूनच देते.

जास्तीची घेतलेली निर्जंतुक बाटली कपाटात पडून होती, अनामत अडकली होती. गेल्या आठवड्यात कामाने जिल्ह्याला गेलो तेव्हा परत करायला गेलो. शुक्रवार होता. बाटली घेतली.