पांढरा साका

नदीत मासे मेले की आमच्यासारख्या पर्यावरण सेवा कंपनीला फोन येतो तो बहुधा साखर कारखान्याचा. ‘नमुने घ्या, रिपोर्ट द्या.’ फेब्रुवारीतल्या त्या फोनवरही एवढंच बोलणं झालं. पंचगंगेवरचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, बरगे म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या घातलेले, पाणी तुंबलेलं आणि काठाला मेलेल्या माशांचा थर. गाव म्हणत होतं मळीचं पाणी सोडलं. कारखाना म्हणत होता आमचा एक थेंबही बाहेर जात नाही.

आम्ही होकार दिला, पण तीन गोष्टी आधी कबूल करून घेतल्या. नमुने गावासमोर घेणार. जागा गावाला विचारून ठरवणार. आणि जो आकडा निघेल तो कारखान्याला आणि ग्रामपंचायतीला एकाच वेळी देणार. तिसऱ्या गोष्टीवर कारखान्याचे साहेब अडले. ‘पैसे आम्ही देतोय, रिपोर्ट आधी आम्हाला दाखवा.’ त्यांना सांगितलं, आठ-दहा दिवसांनी बंद पाकिटातून ‘सर्व घटक मर्यादेत’ असा कागद गावात गेला तर त्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही, मग आम्ही तपासलं काय आणि नाही तपासलं काय. दुपार टळल्यावर त्यांचा होकार आला.

संध्याकाळी ग्रामपंचायतीत बसलो. अशा बैठकीत आपण कमी बोलावं. भोई समाजातले एक मामा दाराशी उभे होते, त्यांना पुढं बसवून विचारलं, कुठला मासा आधी मेला? ‘कटला, रोहू पहाटे वर येऊन तोंड मारत हुतं. मग पलटी झालं. मरळ एक बी मेली न्हाय ओ.’ आमच्या कामाची दिशा इथंच ठरली. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते. पाण्यात जहाल विष उतरलं असतं तर बहुधा तीही वाचली नसती. म्हणजे पहिला संशय विरघळलेल्या ऑक्सिजनवर. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, त्याला 27 अंशांवर तीन दिवस लागतात; सीओडी, म्हणजे तीच घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागेल, त्याला प्रयोगशाळा लागते. ऑक्सिजन मात्र तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजता येतो.

मग नकाशा पसरला. आमच्याकडे तीन जागा मांडलेल्या होत्या: कारखान्याच्या वर, बंधाऱ्याच्या वर, बंधाऱ्याच्या खाली. एक वहिनी म्हणाल्या, ‘आमच्या रानाकडनं येणारा ओढा ह्यात कुठाय?’ नकाशात तो पावसाळी म्हणून तुटक रेषेनं काढलेला होता. त्यांच्या सांगण्याप्रमाणे गळीत सुरू झालं की तो वाहतो. ओढ्याचं तोंड चौथी जागा झाली. पाचवी आम्ही स्वतः घातली, गावाच्या सांडपाण्याचं गटार जिथं नदीला मिळतं ती. त्यावर दोघं-तिघं कुरकुरले. सरपंचांनी मात्र ‘घ्या की’ म्हणून विषय मिटवला.

उठण्याआधी दोन बाटल्या भरून दाखवल्या. एकीत नळाचं पाणी खूप हलवून, दुसरीत उकळून झाकून गार केलेलं. दोन्हींत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही दोन रसायनं, प्रत्येकी 1 मिलिलिटर. पहिलीत तपकिरी साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, बसला, दुसरीत जवळजवळ पांढरा. तपकिरी म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढरा म्हणजे नाही. हे आधी दाखवणं फार गरजेचं असतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी नदीचा साका कसाही बसला तरी ‘औषधात काहीतरी घातलं’ हीच शंका उरते.

पहाटे साडेपाचला बंधाऱ्यावर पोचलो. वेळ मुद्दाम ती निवडली. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्रभर तेच शेवाळ आणि तळाचा गाळ तो खाऊन टाकतात. दुपारी दोनला मोजलं तर मेलेल्या नदीतही आकडा चांगला येऊ शकतो. मासा मरतो पहाटे, तर मोजायचंही पहाटेच.

बादलीनं पाणी काढून बाटलीत ओतू नये. ओततानाच हवा मिसळते आणि आकडा फुगतो. आम्ही दोरीला बांधलेला डीओ सॅम्पलर, म्हणजे विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी नमुना घ्यायचं भांडं, अर्ध्या खोलीपर्यंत सोडला; त्यात 300 मिलिलिटरची बाटली तळातून भरत येते आणि दोन-तीन बाटल्या होईल एवढं पाणी वरून वाहून जातं. बूच तिरकं करून बसवायचं. खाली वाटाण्याएवढा बुडबुडा राहिला तरी ती बाटली रद्द. त्या सकाळी अंधारात एक बाटली अशी गेली. ती मामांनीच दाखवली, ‘ह्यात हवा हाय की.’ परत भरली.

कारखान्याच्या वरच्या जागेची बाटली तपकिरी झाली. बंधाऱ्याच्या वर, पृष्ठभागाखाली एका फुटावर, फिकट. तिथंच अर्ध्या खोलीवर पांढरी. बाटली हातोहात फिरली तसा काठावरचा गलका थांबला.

ओढ्यावर मात्र ही पद्धत अडते. पाणीच चहाच्या रंगाचं, त्यात साक्याचा रंग ओळखता येत नाही. ते तिथंच मोकळेपणानं सांगितलं आणि ऑक्सिजन मोजणारा मीटर वापरला, तोही आधी ओलसर हवेत सगळ्यांसमोर कॅलिब्रेट करून. आकडा लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या खाली. सीओडीचा नमुना सल्फ्युरिक ॲसिड घालून, पीएच 2 च्या खाली आणून बर्फात ठेवला. लेबल पर्मनंट मार्करनं लिहिलं आणि वर पारदर्शक टेप लावला, कारण बर्फ वितळला की पेनाची शाई पसरते आणि कुठली बाटली कुठली यावरूनच भांडण लागतं.

गावाच्या गटाराची बाटली पांढरी. सांडपाण्यात नायट्राइट असतं आणि त्यानं आकडा खोटा वाढतो. अझाइड घालतात ते त्यासाठीच. तरीही पांढरीच.

ग्रामपंचायतीच्या टेबलावर ब्युरेट, म्हणजे थेंब-थेंब सोडायची मापाची काचनळी, उभा केला. ॲसिड घातल्यावर साका विरघळतो आणि ऑक्सिजन असेल तेवढा पिवळा रंग येतो. 201 मिलिलिटर घेऊन 0.025 नॉर्मल थायोसल्फेट सोडायचं, रंग फिकट झाला की स्टार्च घालायचं, त्यानं पाणी निळं होतं, आणि तो निळा रंग जाईल तिथं थांबायचं. या मापात जेवढे मिलिलिटर तेवढेच लिटरमागे मिलिग्रॅम, म्हणून हिशेब कुणालाही करता येतो. ब्युरेट वाचायला एका बाजूला कारखान्याचे केमिस्ट, दुसऱ्या बाजूला बारावीची एक मुलगी. वरच्या जागेला 6 च्या आसपास. आंघोळीयोग्य पाण्याला किमान 5 लागतो. बंधाऱ्याच्या अर्ध्या खोलीला पहिल्या काही थेंबांतच निळा गेला. गटाराच्या बाटलीत निळा आलाच नाही.

नऊला प्रदूषण मंडळाचे क्षेत्र अधिकारी आले. गावाला पंचनामा हवा होता आणि तो आम्हाला करता येत नाही, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे नोटीस देऊन, सांडपाण्याचे दोन भाग करून, सील आणि सह्या करून मंडळानं घेतलेला नमुनाच कोर्टात टिकतो. आमचा आकडा कारण शोधण्यासाठी. हा फरक आधी सांगितला नाही तर गावाला पुढं फसवल्यासारखं वाटतं.

त्यांच्याबरोबर सगळेच ओढ्यानं वर चालत गेलो. कारखान्याची नोंदलेली पाइपलाइन खरंच कोरडी होती. पाणी येत होतं प्रेसमडच्या, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाच्या, ढिगाऱ्याखालून झिरपून, आवारातल्या पावसाळी गटारात. त्या गटाराचं फाटक उघडं राहिलेलं. ‘एक थेंब जात नाही’ हे साहेब मनापासून म्हणत होते, पण तपासत होते ती पाइप, आवार नव्हे. संध्याकाळी ओढ्याचा सीओडी आला तो हजारांत.

त्या रात्रीची बैठक जड गेली. ओढ्याचं पाणी आणि गावाचं गटार, दोन्हीही नदीतला ऑक्सिजन खातात. बरग्यांमागं पाणी थांबलेलं, तळाला गाळ साठलेला, त्यामुळं भरून निघायला वाव नाही. कुणी किती टक्के, हे पाच बाटल्यांवरून सांगता येत नाही आणि आम्ही सांगितलंही नाही. इतिवृत्तात तारखांसह लिहून घेतलं: फाटक त्याच रात्री बंद, ढिगाऱ्याभोवती पक्का कट्टा आणि झिरप परत प्रक्रिया केंद्रात, पाटबंधारे विभागाकडे वरून पाणी सोडण्याची मागणी कारखाना आणि ग्रामपंचायत दोघांच्या सहीनं, आणि गटारासाठी ग्रामपंचायतीचा ठराव.

आता दर सोमवारी पहाटे सहाला पाच जागी बाटल्या भरतो. ओढ्याचं तोंड कोरडं असलं तरी तिथं जाऊन ‘कोरडं’ असं लिहून मामांची सही घेतो. गटाराचा ठराव झालाय, काम अजून सुरू व्हायचंय. ती बाटली अजून पांढरीच निघते.