मिटलेली केस

तात्यांनी साक्षांकन नमुना, म्हणजे नोकरीआधीच्या चारित्र्य तपासणीचा फॉर्म, माझ्या वकिलीच्या टेबलावर ठेवला आणि एका रकान्यावर बोट दाबून धरलं. "मॅडम, इथं 'नाही' लिहायचं ना? केस तर मिटलीय."

मुलगा मागं उभा होता. पोलीस भरतीत निवड झालेली, फॉर्म परवा द्यायचा. प्रश्न छापील होते: कधी अटक झाली होती काय, कधी खटला भरला होता काय. आणि सगळ्यात वर ठळक इशारा, की खोटी माहिती दिली तर उमेदवार अपात्र ठरेल. तो कुणी वाचत नाही.

"अटक झाली होती?" मी विचारलं.

"छे, अटक कुठली! ठाण्यात बसवलं, सही घेतली, संध्याकाळी जामिनावर सोडलं."

आता यालाच कागदावर अटक म्हणतात. अटक झाल्याशिवाय ठाण्यातून जामिनावर सोडतील कसं? पण गावात कोठडीत रात्र काढल्याशिवाय अटक धरत नाहीत.

बांधावरून भांडण, २०१८ सालचं. तात्यांच्या मते दोन केसेस होत्या. कागद पाहिले तर पहिली नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासही करत नाहीत. दुसरी मात्र एफआयआर. कोयत्याचा वार, म्हणून भादंविचं, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं, कलम ३२४ (घातक हत्यारानं दुखापत), सोबत ५०४, ५०६ आणि ३४ (अपमान, धमकी, समान इरादा). फिर्यादीनं घरात असतील नसतील तेवढ्या पुरुषांची नावं दिलेली, त्यात १९ वर्षांचा हा पोरगाही. त्या दिवशी तो तालुक्याला क्लासला होता, असं तात्या म्हणतात. मी ते तपासलेलं नाही.

दोषारोपपत्र कोर्टात गेलं, आरसीसी नंबर, म्हणजे कोर्टातला खटल्याचा नंबर, पडला. नंतर देवळात बसून दोन्ही घरांनी मिटवलं. गोम इथंच आहे. ३२४ तडजोडपात्र नाही, कोर्टात तसं मिटवता येत नाही. मग काय होतं, फिर्यादी साक्षीला उभा राहतो आणि म्हणतो, मला कुणी मारलं ते दिसलं नाही. फितूर. म्हणून निकालात समझोत्याचा शब्द नव्हता, होतं ते एवढंच: संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.

मुलानं ती नक्कल पहिल्यांदाच वाचली. "मॅडम, म्हणजे संशय अजून आहेच का?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. मुक्तता ती मुक्तताच, असं मी म्हणाले. पण भरतीचा अधिकारी तीच ओळ वेगळ्या नजरेनं वाचू शकतो, हे मला माहीत होतं. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की माहिती खरीच द्यायला हवी. आणि खरी दिली तरी पूर्वचारित्र्य तपासायचा हक्क नोकरी देणाऱ्याकडे राहतो.

तात्या अडून बसले. "आपणच कशाला सांगायचं? त्यांना कसं कळणार?"

कसं कळणार! हाच फॉर्म फिरत फिरत तात्यांच्याच गावच्या ठाण्यात येणार, तिथला गोपनीयचा, म्हणजे चारित्र्य पडताळणी बघणारा, हवालदार रजिस्टर उघडणार, संगणकावर नाव टाकणार.

तरी ते ऐकेनात, तेव्हा मला न सांगावंसं वाटणारं सांगावं लागलं. वकिलीच्या दुसऱ्या वर्षी एका पोराला मीच म्हणाले होते, "सुटलास ना? मग 'नाही' लिही." त्याची निवड रद्द झाली. मारामारीसाठी नव्हे, माहिती दडवली म्हणून. त्याच्या आईनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. निवडीचे पेढे तिनं आधीच आणून दिले होते.

तात्या गप्प झाले. पोरानं पेन घेतलं आणि दोन्ही रकान्यांत बारीक अक्षरात 'होय' लिहिलं. तपशिलाला जागा पुरेना, म्हणून वेगळा कागद जोडला: गु.र.नं. (ठाण्यातला गुन्हा रजिस्टर नंबर), आरसीसी नंबर, निकालाची तारीख. एनसीचीही एक ओळ टाकायला लावली. ती विचारली नव्हती, पण गोपनीयवाल्याला ती दिसणारच होती.

तीन महिन्यांनी पोरगा एकटाच आला. ठाण्यातून फोन आला होता म्हणे. निकालाचं दुसरं पान पुसट आलंय, स्वच्छ नक्कल आणून द्या. आणखी काही विचारलं का, म्हटलं. "नाही, तेवढंच."

आम्ही कोर्ट फीचं तिकीट लावून पुन्हा नकलेचा अर्ज टाकला.