बाबांच्या मेडिकल बोर्डातलं ते ‘नाही’

बाबा ३१ ऑक्टोबर २००७ ला पेन्शनीत आले. पायदळात बावीस वर्षं काढली. कुडाळ स्टेशनवर उतरले तेव्हा हातात काळी पत्र्याची ट्रंक होती, आणि शर्टाच्या खिशात बीपीच्या गोळ्यांची पट्टी. गोळ्यांचं आम्हाला रात्री जेवणानंतर कळलं.

चार-पाच महिन्यांनी एक पानी पत्र आलं. अपंगत्व पेन्शन नामंजूर. कारण एका ओळीचं : आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. खाली बारीक अक्षरात, सहा महिन्यांत अपील करता येईल. बाबांनी कागदाची चौघडी घातली आणि ट्रंकेत टाकला. “सरकारान लिवल्यान, मगे खराच असतला. माझाच रगात वायट,” एवढंच बोलले.

पैशांपेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं, आजही लागतं. बर्फात रात्र रात्र पहारा दिलेल्या माणसाला सांगायचं की हे दुखणं तुझं तू घेऊन आलास, आणि त्यानं ते आठ वर्षं खरं मानायचं. कोणी विचारलं तर म्हणायचे, आमच्या घराण्यातच आहे. घराण्यात कुणालाच नव्हतं. आजी नव्वदीपर्यंत परड्यातली झाडलोट करत होती.

२०१६ च्या पावसात माळ्यावरचं एक कौल सरकलं आणि पाणी नेमकं ट्रंकेत गेलं. कागद एकमेकांना चिकटले, कडांना हिरवट बुरशी. मी टाकायला निघाले होते. आईनं सूप आणलं. एकेक पान सुटं करून सुपात पसरलं, कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि उघडीप मिळेल तसं अंगणात ऊन दाखवलं. तिसऱ्या दिवशी कडक झालेली पानं मी वाचायला घेतली. तो रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे निवृत्तीआधीच्या वैद्यकीय तपासणीचा, फॉर्म होता. त्यात प्रश्न होता : हा आजार भरती होण्यापूर्वी होता का? समोर निळ्या शाईत, डॉक्टरच्या हातचं, ‘नाही’. सुरुवात कधी? २००३, उंचावरच्या फील्ड पोस्टिंगवर असताना. अपंगत्व ३० टक्के, कायमचं. आणि दोन पानं पुढे, त्याच पेनानं, सेवेशी संबंध नाही. का नाही, याचं कारण लिहायच्या जागी काहीच नव्हतं.

त्या महिन्यात मी शाळा सुटल्यावर नियमच वाचत बसायची. बाबांना लागू असलेल्या १९८२ च्या पात्रता नियमांत स्पष्ट होतं की भरतीच्या वेळी जवान धडधाकट होता आणि तसा आजार नोंदलेला नव्हता, तर नंतर झालेलं दुखणं सेवेतलंच धरून चालायचं. ते तसं आहे हे सिद्ध करण्याचं ओझं जवानावर नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग यांच्या खटल्यात हेच ठासून सांगितलं, आणि बोर्डानं कारणं द्यायला हवीत हेही. म्हणजे बाबा ज्या ओळीला सरकारचा शब्द समजत होते, ती सरकारच्याच नियमाला धरून नव्हती.

पहिलं अपील मुदतीबाहेरचं म्हणून परत आलं. मग मार्च २०१७ मध्ये सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज केला. ही न्यायाधिकरणं २००७ च्या कायद्यानं झाली, २००९ पासून चालू आहेत. त्याआधी गावच्या माणसाला हायकोर्टाशिवाय वाट नव्हती. तारखेला कोकणकन्येनं रात्रभर प्रवास, दादरला तोंड धुवायचं, आणि बाबा रेजिमेंटची टाय लावून हजर. दोन वर्षांत तीनदा नुसती पुढची तारीख मिळाली.

२०१९ मध्ये निकाल लागला. ३० टक्के मान्य, आणि ते धरायचे ५० टक्के. हे राउंडिंग पूर्वी आजारपणामुळे मध्येच घरी पाठवलेल्यांनाच मिळायचं. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालानं पूर्ण नोकरी करून आलेल्यांनाही ते मिळालं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम बसते, त्या हिशेबानं ३० ला ९ टक्के आणि ५० ला १५ टक्के. फरक लहान नाही. पण थकबाकी अर्जाच्या मागे तीनच वर्षांची, कारण २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून तशी रीत होती. नोव्हेंबर २००७ ते मार्च २०१४, सहा वर्षं चार महिने गेले ते गेलेच. ते पत्र घडी करून ठेवलं नसतं तर ते पैसे आमच्या हातात असते.

हे आज लिहायचं कारण शेजारच्या वहिनी. त्यांचे यजमान, आमचे भाऊ, वर्दीत असतानाच गेले, हृदयविकारानं. वहिनींना साधी कुटुंब पेन्शन लागली, पहिली दहा वर्षं शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि नंतर ३० टक्के. मृत्यू सेवेमुळे झाला असं मान्य झालं तर विशेष कुटुंब पेन्शन, म्हणजे ६० टक्के. त्यांनाही तीच ओळ आली आहे. फक्त कागद आता ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर दिसतो एवढाच बदल. आमचा अर्ज नकलून द्यावा असं वहिनींच्या भावाला वाटलं होतं. तसं करू नका. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम आले आहेत. आपला माणूस त्या तारखेच्या आधी निवृत्त झाला किंवा गेला, की नंतर, हे आधी बघा. भाऊ २०२२ मध्ये गेले, म्हणून आम्ही त्याआधीचे, २००८ चे नियम धरले. त्यांच्या शेवटच्या दोन पोस्टिंगच्या तारखा, तिथली आजारी रजा, भरतीची मेडिकल, सगळं मागवलं. सहा महिने संपायला अजून अकरा दिवस होते, तेव्हा काल कुडाळच्या पोस्टातून स्पीड पोस्टनं अपील गेलं. पावतीच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक आमच्या ट्रंकेत आहे.

निकाल आला त्या संध्याकाळी बाबा ओटीवर बसले होते. मी रकमेपासून सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. “ता ऱ्हवांदे. आजाराचा काय लिवलंत ता वाच.” मी वाचलं : ‘लष्करी सेवेमुळे बळावलेला’. ते बराच वेळ माडांकडे बघत राहिले.

“परत वाच गो,” म्हणाले.