टिरियनचे नाक

"पुस्तकात टिरियनचे नाकच कापले जाते, मालिकेत नुसता व्रण दाखवून मोकळे झाले," असे मैत्रीण आज इतक्या तळमळीने म्हणाली की मला हसू आवरेना. पण ते वाक्य दिवसभर डोक्यात घोळत राहिले.

कादंबऱ्यांवर बेतलेल्या 'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेतला टिरियन वर्षानुवर्षे पडद्यावर वावरणार होता, त्यामुळे कापलेल्या नाकाऐवजी व्रणावर भागवण्याची ही सवलत मला तरी समजण्यासारखी वाटते.

शेवटाची गोष्ट मात्र निराळी. मूळ कादंबरीमालेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि सहावा येण्याआधीच, २०१९ मध्ये, मालिका संपलीसुद्धा. चाहते त्या शेवटावर तुटून पडले तेव्हा ताडून पाहायला हाताशी पुस्तकच नव्हते. मग बेइमानी झाली ती नेमकी कोणाशी, लेखकाशी की आपण मनात रचून ठेवलेल्या शेवटाशी?