‘मला नळ्या लावू नका’ एवढं पुरत नाही

गंभीर आजारपणात कोणते उपचार नकोत, हे आपण घरच्यांना एवढ्याच शब्दांत सांगून ठेवतो. पण कुठली नळी? सलाईनची, अन्नाची की व्हेंटिलेटरची? बरं होण्याची शक्यता असेल तर चार दिवस चालेल का? आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलांना नेमकं हेच ठरवता येत नाही. थकलेल्या शरीरावर सीपीआर (बंद पडलेलं हृदय सुरू करण्यासाठी छाती दाबणं) देताना बरगड्या मोडू शकतात, घशात नळी असताना बोलता येत नाही; हे आधीच डॉक्टरांकडून समजून घ्या.

तुमच्या वतीने निर्णय घेणारी एक व्यक्ती ठरवा. माझ्या मते सगळ्यात जवळची नव्हे, ठाम राहू शकेल अशी. तिला विचारून, बाकीच्यांच्या देखत. मग कुठले उपचार हवेत, कुठले नकोत ते लिहा, तारीख घाला, साक्षीदारांच्या सह्या घ्या. बँकेच्या लॉकरमधला कागद मध्यरात्री कुणाच्या हाती लागत नाही. प्रत त्या व्यक्तीकडे आणि डॉक्टरांकडे हवी.